एम-थ्री अडतो कुठे?

चंद्रपूर-बल्लारपूर भागातल्या अभियांत्रिकीच्या मुलांशी बोलायला बसलं की गप्पा फिरून फिरून गणितावर येतात. एम-वन म्हणजे गणिताचा पहिला पेपर निघाला, एम-टू दुसऱ्या खेपेला निघाला, एम-थ्री अजून राहिलाय. मशीन डिझाइनचं किंवा सर्किटचं बोलताना खुलणारी मुलं इथे आवाज खाली करतात. कारण विचारलं, तर वेळ पुरला नाही किंवा एखादा भाग कळला नाही असं फारसं कुणी सांगत नाही. ‘मॅथ्स आपल्याला जमतच नाही,’ एवढंच उत्तर येतं. शिक्षकांच्या खोलीत विचारलं तर दुसरं वाक्य ऐकू येतं: ‘मुलांना मोटिव्हेशनच नाही.’

पहिलं वाक्य स्वतःच्या क्षमतेविषयीची समजूत सांगतं, दुसरं प्रेरणेविषयीचा निवाडा देतं. या दोन्हींचा गणितातल्या गुणांशी खरोखर किती संबंध आहे, यावर शिक्षणमानसशास्त्रात चाळीसहून अधिक वर्षं काम झालं आहे. त्यातलं बरंच काम चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जसंच्या तसं लागू पडतं. काही मात्र इथली परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही.

‘जमेल’ या भरवशाचं वजन

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक कल्पना मांडली. एखादं ठरावीक काम आपल्या हातून होईल असा माणसाचा भरवसा त्याच्या प्रयत्नांची लांबी ठरवतो. भरवसा असलेला माणूस अडला तरी थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. भरवसा नसलेला पहिल्या अडथळ्यालाच ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून बाजूला होतो.

गणिताच्या बाबतीत याची चांगली तपासणी फ्रँक पाहारेस आणि डेव्हिड मिलर यांनी १९९४ मध्ये केली. त्यांनी पदवीच्या ३५० विद्यार्थ्यांना आधी विचारलं की समोरची गणितं सुटतील याची तुम्हाला कितपत खात्री आहे. मग ती गणितं सोडवायला दिली. प्रत्यक्ष कामगिरीचा अंदाज सर्वांत चांगला या खात्रीवरून बांधता आला. आधी गणित किती शिकलं, गणित उपयोगाचं वाटतं का, विद्यार्थी मुलगा की मुलगी, या गोष्टी तिच्या मागे पडल्या. ‘मी गणितात हुशार आहे’ ही मोघम प्रतिमासुद्धा मागे पडली.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा. ‘मी हुशार आहे’ असं स्वतःला बजावल्याने आयगेन व्हॅल्यू निघत नाही. ‘तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचं कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन मला मांडता येतं’ हा भरवसा उपयोगी पडतो, कारण तो एका ठरावीक कामाविषयी आहे आणि तो कमावता येतो.

भीतीचा परिणामही असाच ठोस असतो. गणित सोडवताना मधली पदं, चिन्हं आणि पुढची पायरी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावी लागते. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची धास्ती घेतलेल्यांची हीच क्षमता गणित करताना कमी पडते. काळजीच ती जागा खाऊन टाकते. उत्तरपत्रिकेत वजाचं चिन्ह सुटलं की आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो. अनेकदा ते घाबरलेल्या मनाचं काम असतं.

एकशे आठ सेकंदांची सवय

दुसरी समजूत गणिताच्या स्वरूपाविषयीची आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान हीच करते. अॅलन शोनफेल्ड यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना दोन प्रश्न विचारले. घरी दिलेलं साधारण गणित सुटायला किती वेळ लागावा? आणि किती वेळ झगडल्यावर ते सुटणारच नाही असं मानावं? पहिल्या प्रश्नाचं सरासरी उत्तर दोन मिनिटांच्या आसपास आलं, दुसऱ्याचं बारा मिनिटांच्या आसपास. म्हणजे येत असेल तर झटक्यात येतं आणि बारा मिनिटांत आलं नाही तर येणारच नाही, अशी त्या मुलांची पक्की समजूत होती. त्यांच्या वाट्याला शाळेत तशीच गणितं आली होती, म्हणून ही समजूत तयार झाली.

आता आपल्याकडे पाहू. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत गणिताच्या पेपरात ५० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. या पेपरासाठी मुलं अकरावी-बारावीची दोन वर्षं घासून तयारी करतात. सूत्र ओळखायचं, पर्याय उडवायचे, वेळ खाणारा प्रश्न सोडून पुढे जायचं. परीक्षेपुरतं हे शहाणपणच आहे. पण त्याच मुलासमोर काही महिन्यांनी एम-वनमधलं पार्शल डिफरन्शिएशन येतं. तिथे एकेक गणित दीड-दोन पानं चालतं, मध्ये एकदा चुकतं, मागे जाऊन दुरुस्त करावं लागतं आणि पंचवीस मिनिटंही घेतं. दोन वर्षांच्या सवयीने त्याचं मन सांगतं की इतका वेळ लागतोय म्हणजे आपल्याला येत नाही.

खरं तर पंचवीस मिनिटं लागणं हा त्या गणिताचा स्वभाव आहे. हे त्या मुलाला पहिल्या आठवड्यात कुणी सांगत नाही. फळ्यावर सर तेच गणित सात मिनिटांत, एकही ओळ न खोडता सोडवतात. त्यामागे सरांची वर्षानुवर्षांची उजळणी असते, ती वर्गाला दिसत नाही. शिक्षकाने अधूनमधून एखादं न पाहिलेलं गणित वर्गासमोर घ्यावं, अडावं, चुकीची वाट सोडून परत यावं. ही समजूत मोडायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आधी गुण की आधी विश्वास

इथे एक सावधगिरी हवी. विश्वास असलेल्यांना गुण जास्त मिळतात म्हणून विश्वास वाढवला की गुण वाढतील, असा सरळ हिशेब बसत नाही. चांगले गुण मिळाले की विश्वासही वाढतो. दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत दोन्ही बाजूंनी परिणाम आढळतो.

२००३ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत एक गमतीची गोष्ट दिसली होती. बहुतेक देशांच्या आत विश्वास जास्त असलेल्या मुलांचे गुण जास्त होते. पण देशादेशांची तुलना केली, तेव्हा गणितात आघाडीवर असलेल्या जपान आणि कोरियातल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास कमी निघाला. तेव्हा विश्वासाचा आकडा एकटा वाचून चालत नाही. मूल स्वतःला कुणाशी ताडून पाहतं, हेही पाहावं लागतं.

‘बुद्धी वाढवता येते’ या कॅरल ड्वेक यांच्या विचाराचंही तसंच आहे. आपल्याकडे तो कार्यशाळांमधून आणि भिंतींवरच्या तक्त्यांमधून फार पसरला. २०१९ मध्ये डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर त्याची मोठी चाचणी घेतली. तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन सत्राने मागे पडलेल्या मुलांच्या श्रेणीत सरासरी ०.१० गुणांकाची भर पडली. भर खरी होती, पण लहान होती. आणि आव्हानं स्वीकारण्याची रीत ज्या शाळांत सोबत्यांमध्ये होती, तिथे ती जास्त टिकली. तक्ता लावून काम भागत नाही, आजूबाजूचं वातावरण तसं असावं लागतं.

जंगलपट्टीतून कॉलेजपर्यंत

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचा पूर्व भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. सत्तर टक्क्यांहून अधिक भूभाग जंगलाखाली, बारा तालुके, आणि दक्षिण टोकाचं सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आलं आणि या दोन जिल्ह्यांची कॉलेजं नागपूर विद्यापीठातून त्याच्याकडे गेली. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय त्याआधीचं, १९९६ चं. तरी एटापल्ली, भामरागड किंवा धानोऱ्याच्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर घर सोडून दूर जाणं आलंच.

या मुलाचा भाषेचा प्रवास पाहा. घरी माडिया किंवा गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. आश्रमशाळेत मराठी. दहावीपर्यंत ‘वर्गसमीकरण’, ‘अंकगणिती श्रेढी’, ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’. अकरावी सायन्सला गेल्याबरोबर तेच सगळं इंग्रजीत. कल्पना ओळखीची असते, पण नाव अनोळखी, आणि वर्ग त्या नावाने पुढे पळतो. दोनदा प्रश्न विचारल्यावर तिसऱ्यांदा हात वर होत नाही. याच काळात त्याच्या मनात ‘आपल्याला जमत नाही’ची नोंद होते. गणित कच्चं असल्याची म्हणून जी नोंद झाली, ती बऱ्याच अंशी भाषा बदलल्याची असते. ही दोन कारणं वेगळी आहेत हे मुलाला सांगणारं कुणी भेटलं, तर पुढची दोन-तीन वर्षं वाचू शकतात.

मग पाऊस. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही दर पावसाळ्यातली बातमी असते. नेमक्या याच महिन्यांत प्रवेशाच्या फेऱ्या, कागदपत्रांची धावपळ, जात वैधतेचं प्रमाणपत्र, वसतिगृहाचा अर्ज असं सगळं एकदम येतं. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेला मुलगा वर्गात पोचतो तेव्हा मॅट्रिक्सचं युनिट संपत आलेलं असतं. पहिली चाचणी दारात उभी असते. तिचा निकाल काय लागणार हे सांगायला नको, आणि तो निकाल मूल आपल्या बुद्धीचा दाखला म्हणून वाचतं.

पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची अडचण निराळी. त्यांचं वर्कशॉप, ड्रॉइंग, यंत्राची ओळख बारावीहून आलेल्यांपेक्षा चांगली असते. पण पदवीचे एम-वन आणि एम-टू न करता ते एकदम लाप्लास आणि फूरिए समोर घेतात. त्यांना महिनाभराचा नीट पूर्ववर्ग मिळायलाच हवा.

‘मोटिव्हेशन नाही’ हा आरोप तपासला तेव्हा

या विषयावरचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम उरी ट्राइसमन यांचं. १९७०च्या दशकात ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. कॅल्क्युलसमध्ये आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते. ट्राइसमन यांनी प्राध्यापकांना कारणं विचारली. उत्तरं आपल्या ओळखीची आहेत: प्रेरणा नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ती मान्य करून पुढे न जाता ट्राइसमन यांनी वीस आफ्रिकन-अमेरिकन आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे दीड वर्ष जवळून पाहिलं. ते त्यांच्या खोल्यांवर गेले, घरच्यांशी बोलले.

चारही कारणं टिकली नाहीत. मुलं जिद्दीची होती, अनेक जण आपल्या शाळांमधले पहिले होते. घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं होतं. फरक दुसरीकडे होता. आफ्रिकन-अमेरिकन मुलं शिस्तीने आठवड्याला आठेक तास अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी मुलं एकटीने अभ्यास करून झाल्यावर एकत्र जमत, उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. एखादं गणित कुणालाच आलं नाही, तर ते गणितच अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या बसलेल्या मुलाला हे कळायला मार्ग नव्हता. त्याला वाटे, आपणच कमी आहोत.

यावर ट्राइसमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या. तिथे सोपी उजळणी नव्हती, वर्गापेक्षा अवघड गणितं गटाने सोडवायची होती. या मुलांचे निकाल इतके सुधारले की कार्यशाळेला न येणाऱ्या इतर वर्गमित्रांनाही त्यांनी मागे टाकलं.

आपल्या जिल्ह्यांत हे काम वाचताना वसतिगृह डोळ्यांपुढे येतं. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात बीएचा, आयटीआयचा, नर्सिंगचा आणि अभियांत्रिकीचा मुलगा एका खोलीत राहतो. त्या सोबतीचं मोल मोठं आहे, पण रात्री दहाला इंटिग्रल अडलं तर विचारायला शेजारी कुणी नसतं. कॉलेजजवळ खोल्या करून राहणारी मुलं मात्र एकत्र बसून आयएमपी, म्हणजे परीक्षेसाठी महत्त्वाचे प्रश्न, सोडवतात. दोघांच्या निकालातली तफावत पुढे प्रेरणेच्या खात्यावर लिहिली जाते.

ज्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या मजुरीतून मुलाचे प्रवासाचे पैसे निघतात, त्या घरातल्या मुलाला प्रेरणा नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

उपयोग दिसला तर

प्रेरणेचं एक अंग मात्र कॉलेजांनी खरोखर हाती घ्यावं असं आहे. जॅकलिन एकल्स यांच्या मांडणीनुसार विद्यार्थी एखाद्या विषयासाठी किती झटेल, हे दोन गोष्टींवर ठरतं: जमेल असं वाटणं आणि करण्यासारखं वाटणं. ख्रिस हल्लेमन आणि ज्युडिथ हॅराकेविच यांनी २००९ मध्ये शाळेच्या विज्ञानवर्गांत एक साधा प्रयोग केला. शिकलेल्या भागाचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ज्यांना यशाची आशा कमी होती, त्यांची गोडी आणि गुण दोन्ही वाढले. संबंध मुलांनी स्वतः शोधला होता, ही त्यातली कळीची बाब.

चंद्रपूर-गडचिरोलीत असे संबंध शोधायला लांब जावं लागत नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथून निघणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचं गणित संमिश्र संख्यांनी सुटसुटीत मांडता येतं, आणि त्याच संख्या एम-वन, एम-टूमध्ये ‘कशाला शिकायच्या’ म्हणून कंटाळवाण्या होतात. खुल्या कोळसा खाणीतून किती माती उपसली, याचा हिशेब घनफळाचं समाकलन आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथल्या बांबूची मोजणी, कापणीचं चक्र, पुन्हा वाढीचा वेग हे सगळं डिफरन्शियल इक्वेशनचं साहित्य आहे.

वैनगंगेचं उदाहरण तर वर्गात सहज घेता येईल. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना इशारा जातो. समजा, सेकंदाला ५,००० घनमीटर पाणी सहा तास सोडलं, तर एकूण १० कोटी ८० लाख घनमीटर पाणी खाली आलं. विसर्ग स्थिर असेल तर हा साधा गुणाकार झाला. पण दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले आणि विसर्ग तासातासाला बदलला तर? तिथे इंटिग्रेशन लागतं. वडसा किंवा चामोर्शीकडच्या मुलाला या प्रश्नाचं महत्त्व समजावून सांगावं लागणार नाही, त्याने ते पाणी पाहिलेलं असतं.

भरवसा कशाने येतो

बांडुरा यांनी भरवशाचे चार झरे सांगितले: स्वतः केलेलं काम यशस्वी होणं, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने धीर देणं, आणि शरीर-मनाची अवस्था. यात पहिल्याचं बळ सर्वांत मोठं आणि नुसत्या शब्दांचं बरंच कमी.

चंद्रपूर जिल्ह्याने याचा पुरावा स्वतःच दिला आहे. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ उपक्रमातून इथल्या आश्रमशाळांमधले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्यांना थेट हिमालयात नेलं नव्हतं. आधी लहान कडे, मग मोठे, मग बर्फ, अशा पायऱ्यांनी त्यांची तयारी झाली. प्रत्येक पायरीवर मागची पायरी आपण चढलो होतो, याचा आधार होता. ते परतल्यावर दुसऱ्या आश्रमशाळांतल्या मुलांना एव्हरेस्ट आपल्यातल्यांनी चढलेला डोंगर म्हणून कळला. गणितासाठी अशी पायऱ्यांची आखणी आपण केलेली नाही.

कॉलेजांना ती करता येईल, आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पहिल्या सत्रातली पहिली मोठी चाचणी उशिरा आलेल्यांना दोन आठवडे मागून द्यावी. तिच्याआधी दर आठवड्याला दहा मिनिटांची छोटी चाचणी असावी, चुकलेलं गणित दुरुस्त करून परत देता यावं आणि दुरुस्तीलाही गुण असावेत. संध्याकाळी दोन तास एक वर्गखोली उघडी ठेवून चार-चार जणांचे गट बसवावेत, त्यात बारावीवाले आणि पदविकावाले मिसळावेत, आणि गणितं सोपी नकोत. ज्याचा एम-थ्री तिसऱ्या खेपेला निघाला, असा याच जिल्ह्यातला वरच्या वर्षाचा विद्यार्थी तिथे असावा. पहिल्या नंबराने पास झालेल्यापेक्षा त्याचं सांगणं जास्त पोचेल. शंका मराठीत विचारायची मुभा असावी आणि संज्ञांची मराठी-इंग्रजी यादी पहिल्याच दिवशी हातात द्यावी.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन. ‘मॅथ्स जमत नाही’ असं म्हणण्याआधी नेमकं काय अडलं ते वहीत एका ओळीत लिहा: चिन्ह, सूत्र, इंग्रजी शब्द की बारावीचा राहिलेला धडा. ती ओळ घेऊन कुणाकडे तरी जा. एकट्याने तिसरा तास घालवू नका.

आणि प्रथम वर्षाला गणित शिकवणाऱ्या सर-मॅडमना विनंती आहे. भामरागड, कोरची, जिवती, सिरोंच्याहून आलेली आपल्या वर्गातली मुलं कोणती, ती कुठे राहतात आणि संध्याकाळी कुणाबरोबर बसून गणितं सोडवतात, हे पहिला निकाल लागण्याआधी त्यांना विचारून घ्या.